डनलॉप : चाकात हवा भरणारा पशुवैद्य

सोफ्यातल्या किंवा गादीतल्या जाड, मऊ फोमला अनेक घरांत आजही डनलॉप म्हणतात. उत्तर भारतात रबरी चाकांच्या बैलगाडीलाही डनलप हेच नाव पडले आहे. नाव असे घरोघरी पोहोचले, पण त्या नावाचा एक माणूस होता, तो जनावरांचा डॉक्टर होता आणि त्याने सारा खटाटोप आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी केला, हे फारसे कुणाला माहीत नसते. शीळफाट्यावरून कल्याणकडे किंवा घोडबंदर रस्त्याने ठाण्याकडे येताना गाडी फार आदळते, कंबर धरते, अशी तक्रार ज्यांना रोज करावी लागते, त्यांनी या माणसाची ओळख करून घ्यायला हरकत नाही.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावी, एका शेतकरी कुटुंबात झाला. ते अपेक्षेपेक्षा दोन महिने आधी जन्मले, असे आईवडिलांनी त्यांना सांगितले होते. ही गोष्ट त्यांच्या मनात इतकी घट्ट बसली, की आपली प्रकृती मुळातच नाजूक आहे असे समजून ते आयुष्यभर जपून वागले. प्रत्यक्षात वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षापर्यंत त्यांना गंभीर म्हणावा असा आजार झाला नाही. शरीराला बसणाऱ्या लहानसहान त्रासाकडे ते इतके बारकाईने पाहत, त्यामागे ही सवय असेल का, हे आता सांगता येणार नाही. पण ज्या त्रासाला बाकीचे लोक प्रवासाचा भाग समजून गप्प बसत होते, त्यावर उपाय शोधावा असे त्यांना वाटले, एवढे खरे.

एडिंबरोच्या डिक पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. जवळजवळ दहा वर्षे स्कॉटलंडमध्ये काम केल्यावर १८६७ साली ते आयर्लंडमधल्या डाउनपॅट्रिकला गेले. तिथे त्यांनी भाऊ जेम्स यांच्यासह जनावरांचा दवाखाना चालवला. पुढे बेलफास्ट शहरात त्यांनी स्वतःचा व्यवसाय उभारला आणि १८८०च्या दशकाच्या मध्याला तो आयर्लंडमधल्या मोठ्या पशुवैद्यकीय व्यवसायांपैकी एक झाला. त्या काळी शहराची सगळी वाहतूक घोड्यांवर चाले. घोडा लंगडला की मालाची गाडी थांबे, त्यामुळे अशा डॉक्टरला कामाची वाण नव्हती.

बेलफास्टचे रस्ते दगडी फरसबंदीचे होते, मधूनमधून ट्रामचे रूळ. गाड्यांच्या लाकडी चाकांवर लोखंडी पट्टी चढवलेली असे. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला असलेल्या अशा पट्टीला धाव म्हणतात. लोखंडी धाव आणि दगडी रस्ता यांची गाठ पडली की काय होते, ते ज्याने खडकाळ वाटेवर रिकाम्या बैलगाडीतून प्रवास केला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. सायकलींना भरीव रबराच्या पट्ट्या असत. लोखंडापेक्षा त्या बऱ्या, पण भरीव रबर मुळात फारसे आक्रसत नाही. बाजूला फुगायला जागा मिळाली तरच ते दबते. त्यामुळे दगडाचा धक्का थोडा बोथट होऊन जवळजवळ तसाच वर पोहोचे.

डनलॉप यांचा मुलगा जॉनी तेव्हा नऊदहा वर्षांचा होता. डॉक्टरांनी त्याला व्यायामासाठी सायकल चालवायला सांगितली होती आणि फरसबंदीवरच्या हादऱ्यांनी त्याचे डोके दुखायचे, असे या शोधाच्या हकिगतीत सांगतात. ऑक्टोबर १८८७ मध्ये वडिलांनी हे काम हाती घेतले. त्यांनी सुमारे ९६ सेंटिमीटर व्यासाची लाकडी चकती घेतली. पातळ रबराच्या पत्र्यापासून नळी केली, ती कडेने बसवली, वरून कापड गुंडाळून खिळ्यांनी पक्के केले आणि जॉनीच्या फुटबॉलच्या पंपाने तीत हवा भरली. मग सायकलचे एक भरीव चाक काढले आणि दोन्ही चाके अंगणात एकामागून एक घरंगळत सोडून दिली. भरीव चाक थोडे अंतर जाऊन आडवे झाले. हवेचे चाक अंगण पार करून फाटकाच्या खांबावर आपटले आणि तिथून उलटे परतले.

या अंगणातल्या प्रयोगात एक गोष्ट अनपेक्षित होती. हवेचे चाक मऊ असणार हे उघड होते, पण ते जास्त दूर जाईल असे कुणाला वाटले नसते. फुगीर, लिबलिबीत वस्तू जमिनीला चिकटून मंद चालेल, असाच सर्वांचा समज होता. कडक चाकासमोर खडा आला की त्याला स्वतःसह सगळी गाडी आणि गाडीतले माणूस त्या खड्यावर उचलावे लागते आणि पलीकडे पुन्हा आपटावे लागते. या उचल-आपटीत पुढे जाण्याची शक्ती खर्च होते आणि तीच शक्ती हादरा बनून आपल्या पाठीत शिरते. हवेच्या चाकात खडा टायरमध्ये रुततो, तेवढ्यापुरती हवा दबते, खडा मागे पडला की हवा आपली जागा परत घेते. गाडी जवळपास आपल्या उंचीवरच राहते. म्हणजे खडबडीत रस्त्यावर आराम आणि वेग यांचे भांडण नाही, हे त्या खांबावर आपटलेल्या चाकाने दाखवून दिले.

हादऱ्याने माणसालाच का त्रास व्हावा, यालाही कारण आहे. बसलेल्या माणसाचे धड हे एक प्रकारचे स्प्रिंगवर ठेवलेले वजन आहे. त्याला खालून सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा हलवले, तर ते सर्वांत जास्त डोलते. पोट, छाती, कणा या सगळ्यांना त्या टप्प्यातली थरथर नकोशी होते. कंपनाचे आंतरराष्ट्रीय मापदंडही उभ्या दिशेच्या हादऱ्यांत याच टप्प्याला सर्वाधिक महत्त्व देतात. आता काँक्रीटचा रस्ता पाहा. त्यातले आडवे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी ७० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला चारहून थोडे जास्त सांधे ओलांडते. सांधे झिजलेले, वरखाली झालेले असतील, तर खड्डा एकही नसताना प्रवासी थकून का उतरतो, ते या आकड्यावरून कळेल. वर्षानुवर्षे बस, ट्रक चालवणाऱ्यांत कंबरदुखीचे प्रमाण जास्त आढळते आणि त्याच्या कारणांत अशा कंपनांचा समावेश होतो.

डनलॉप यांनी जॉनीच्या तीनचाकीच्या मागच्या दोन्ही चाकांना हवेचे टायर बसवले. मग सायकलीला बसवले. जुलै १८८८ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी पेटंट मिळाले. बेलफास्टमधली एडलिन कंपनी अशा टायरच्या सायकली बनवू लागली. लोक हसले. सडपातळ सायकलीला हे जाडजूड चाक विचित्रच दिसत होते.

हसू थांबले ते १८ मे १८८९ रोजी. बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानी स्पर्धांमध्ये विल्यम ह्यूम हा स्थानिक सायकलपटू हवेचे टायर घेऊन उतरला. तो काही त्या काळातला अजिंक्य खेळाडू नव्हता. त्या दिवशी चार शर्यतींत त्याने भाग घेतला आणि चारही जिंकल्या. काही दिवसांनी लिव्हरपूललाही त्याने एक सोडून सगळ्या शर्यती मारल्या. आयर्लंडच्या सायकलपटूंच्या संघटनेचे अध्यक्ष हार्वी द्यू क्रो यांची मुले स्वतः नावाजलेली शर्यतपटू होती. या टायरने आपल्या मुलांची सद्दी संपणार हे त्या बापाने ओळखले, आणि रागावण्याऐवजी त्या टायरचा धंदा करायचे ठरवले. एका बापाने मुलाच्या डोकेदुखीपायी केलेली वस्तू दुसऱ्या बापाने मुलांच्या पराभवातून उचलली, असा हा योग. १८८९ मध्ये डब्लिनला कंपनी निघाली. डनलॉप यांनी पेटंट कंपनीला दिले आणि बदल्यात १,५०० शेअर घेतले.

पुढच्याच वर्षी घाव बसला. त्यांचे पेटंट अवैध असल्याचे कळवण्यात आले. हवेचे चाक त्यांच्याआधी दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने शोधले होते. रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्ये ब्रिटनमध्ये, नंतर फ्रान्स आणि अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले होते. १८४७ मध्ये लंडनच्या रीजेंट्स पार्कमध्ये त्याने हवेच्या चाकांची घोडागाडी चालवून दाखवली होती. रबर लावलेल्या कापडाची नळी, वरून चामड्याचे आवरण, असे ते चाक होते. एक संच हजारावर मैल चाललाही. पण तेव्हा सायकल घरोघरी नव्हती, मोटार तर नव्हतीच, आणि पातळ पण टिकाऊ रबर महाग होते. थॉमसन भरीव रबराकडे वळला आणि १८७३ मध्ये वारला. डनलॉप यांना या पेटंटची काहीच कल्पना नव्हती, असे मानले जाते. पशुवैद्याने चाळीस वर्षांपूर्वीची चाकांची पेटंटे कशाला चाळावीत?

पहिले पेटंट गेले, पण दुसऱ्या दोन शोधांनी कंपनी तरली. डनलॉप यांचा टायर चाकाला कायमचा चिकटवलेला असे. पंक्चर काढायचे म्हणजे सगळे फाडून पुन्हा बांधायचे. १८९० मध्ये चार्ल्स वेल्च याने टायरच्या कडेत तार घालून तो काढता-घालता येईल अशी रचना केली. विल्यम बार्टलेट याने त्याच वर्षी वेगळ्या पद्धतीने कड चाकात अडकवली. कंपनीने दोन्ही हक्क विकत घेतले. आज गाडीच्या टायरच्या कडेला जी पोलादी तार असते, ती वेल्चच्या कल्पनेची पुढची पिढी.

डब्लिनमधल्या पहिल्या कारखान्याची एक गोष्ट डोंबिवलीकरांना ओळखीची वाटेल. रबर आणि नाफ्था यांच्या वासाने शेजारी हैराण झाले, तक्रारी झाल्या आणि उत्पादन इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला हलवावे लागले. वासाची तक्रार इतक्या लवकर ऐकली जाण्याचा अनुभव मात्र सगळ्यांनाच येत नाही.

या टायरची दुसरी बाजू वासापेक्षा फार काळी आहे. सायकल आणि मग मोटार यांच्यामुळे रबराची मागणी भडकली आणि मध्य आफ्रिकेतल्या काँगोमध्ये बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या अमलाखाली रबर गोळा करण्यासाठी लोकांवर भयंकर अत्याचार झाले. डनलॉप यांचा त्यात हात नव्हता, पण युरोपातल्या रस्त्यांवरचा हादरा कमी झाला तेव्हा त्याची किंमत कुठे चुकवली जात होती, हे विसरून ही कथा सांगता येत नाही.

१८९६ मध्ये द्यू क्रो आणि मंडळींनी कंपनी ३० लाख पौंडांना विकली. घेणाऱ्याने काही महिन्यांत तीच ५० लाख पौंडांची कंपनी म्हणून बाजारात आणली. डनलॉप त्याआधीच बाहेर पडले होते. त्यांचे नाव जगभरच्या टायरांवर छापले गेले, पण मोठी संपत्ती त्यांच्या वाट्याला आली नाही.

मोटारीखाली हवा आली ती फ्रान्समध्ये. मिशलँ बंधूंनी १८९५ मध्ये पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरांची मोटार उतरवली. ती वाटेत पुन्हा पुन्हा पंक्चर झाली, पण पोहोचली. त्यानंतर थोड्याच वर्षांत भरीव चाकाची मोटार दिसेनाशी झाली. १९४६ मध्ये याच मिशलँ कंपनीने रेडियल टायरचे पेटंट घेतले. त्यात आतले धागे काटकोनात कडेपासून कडेपर्यंत जातात, त्यामुळे टायरची बाजू जास्त लवचीक राहते. फ्रेंच गाड्यांचा मऊपणा कल्याण-डोंबिवलीनेही थोडा काळ जवळून पाहिला. कल्याण-शीळ रस्त्याजवळच्या प्रीमियरच्या कारखान्यात १९९०च्या दशकात प्यूजो ३०९ ही गाडी बनत होती.

आजच्या गाडीत टायरवर स्प्रिंग असते, स्प्रिंगची उसळी आवरायला शॉक अॅब्सॉर्बर असतो, सांध्यांत रबरी बुश असतात, वर आसनाचा फोम. तरी पहिला धक्का झेलतो तो टायरच. एक हजार किलोची गाडी ३२ पीएसआय हवेवर उभी असते, तेव्हा प्रत्येक चाकाचा जमिनीला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढा असतो. गाडी फार कडक वाटते म्हणून गॅरेजमध्ये नेणाऱ्यांनी आधी या तळहाताकडे पाहावे. हवा किती भरायची, ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेले असते. टायरच्या अंगावर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, रोजचे प्रमाण नव्हे. हवा थंड टायरमध्ये मोजावी. लांबून चालवत आणलेल्या गाडीचा टायर तापलेला असतो आणि दर पाच-सहा अंश तापमानवाढीला दाब सुमारे एक पीएसआयने चढतो. पाचसहा पीएसआय जास्त भरले की गाडी पेव्हर ब्लॉकवर दातखीळ बसवते आणि टायर मध्यभागी झिजतो. उलट, मऊ लागावी म्हणून हवा कमी ठेवली, तर टायरची बाजू सतत दुमडून तापते, महामार्गावर फुटण्याचा धोका वाढतो आणि खड्ड्यात रिम वाकते. नायट्रोजन भरल्याने गाडी मऊ होते, ही समजूत निराधार आहे. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

दुसरी चूक हौसेतून होते. १८५/६५ आर १५ मापाचा टायर काढून देखण्या मोठ्या अलॉय चाकावर १९५/५५ आर १६ बसवला, तर चाकाची एकूण उंची जवळजवळ तेवढीच राहते, पण टायरची बाजू १२० मिलिमीटरवरून १०७ वर येते. हवेची जागा धातूने घेतली. खड्ड्यासाठी राखलेली गादी तेवढी पातळ झाली, आणि मग तक्रार सस्पेन्शनची होते. रबरही वयाने कडक होते. टायरवरच्या चार आकडी खुणेत पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक दिसली तरी जुना टायर लाकडासारखा चालतो. हे सगळे ठीक असूनही गाडी एका खड्ड्यानंतर दोनतीनदा डोलत राहत असेल, तर शॉक अॅब्सॉर्बर गेला, आणि वळताना किंवा गतिरोधकावर खटखट वाजत असेल, तर बुश किंवा लिंक पाहायला सांगावे. पुढची दुरुस्ती महाग असते. हवा तपासणे बहुतेक पेट्रोल पंपांवर फुकट होते.

डनलॉप १८९०च्या दशकात डब्लिनला राहायला गेले होते. कंपनी सोडल्यावर त्यांनी तिथल्या एका कापड दुकानाच्या व्यवसायात भागीदारी ठेवली आणि शांतपणे दिवस काढले. एका गोष्टीचा मात्र त्यांना मनापासून राग येई. टायरच्या जाहिरातींत त्यांची लांब पांढरी दाढी आणि चेहरा घेऊन त्याला उंच टोपी घातलेल्या छानछोकीच्या माणसाचे शरीर जोडले जाई. ते स्वतः तसे कधीच नव्हते. चेहरा त्यांचा, नाव त्यांचे, पण त्यावर हक्क दुसऱ्यांचा.

ऑक्टोबर १९२१ मध्ये त्यांना थंडी बाधली. जन्मभर ज्या नाजूक प्रकृतीला ते जपत आले, तिने पहिल्यांदाच खरोखर साथ सोडली आणि २३ ऑक्टोबरला, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, डब्लिनमधल्या घरी त्यांचे निधन झाले. डीन्सग्रेंजच्या दफनभूमीत त्यांना पुरले. हवेच्या टायरचा इतिहास त्यांनी आपल्या परीने लिहून ठेवला होता. तो त्यांच्या मृत्यूनंतर मुलगी जीन हिने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. पुढे उत्तर आयर्लंडमधल्या एका बँकेने आपल्या दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले, ते दाढीसह आणि टोपीशिवाय.